नाना, बॅटरी खाली उतरवली

नाना, बॅटरी खाली उतरवली. तुम्ही म्हणत होता तिथंच, होडीच्या पोटात, तळाच्या पत्र्याला लागून. आणि त्यानंतर जे घडलं ते मी गावात भेटेल त्याला सांगत सुटलोय. ज्याला सांगायला हवं तो माणूस मात्र राहिलाच, म्हणून हे लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन पुरता महिनाही झालेला नाही आणि मी असा हरखून लिहितोय, याची लाज वाटायला हवी. वाटतेही. पण तुम्ही असता तर म्हणाला असता, "लाज मंग वाटू दे, पहिले सांग, काय व्हयनं?"

सांगतो. जरा मागून सुरुवात करतो, कारण माझ्या मनात जे साचलंय ते मागचंच आहे.

तुम्ही माझ्या अक्काचे नवरे. नरडाण्याकडच्या कोरड्या गावातले, जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघत पोरं मोठी होतात. जन्मभर कारखान्यात इलेक्ट्रिक फिटर म्हणून राबलात आणि निवृत्त झाल्यावर अक्काला म्हणालात, "चाल, आते तुना माहेरले राहू. तठे नदी शे." गावात लोक हसले. तुम्हीच आधी हसून टाकलंत: "म्हातारपणी घरजावई झालो रे भो, तेबी पाण्यापायी." आम्ही तापीकाठची केळीवाली माणसं. आमच्यासाठी नदी म्हणजे पाइप, मोटर आणि पुराची धास्ती. नदीवर राहायला जावं, हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नसतं.

तुम्हाला सुचलं. धरणाच्या फुगवट्यात पूर्वी माणसं आणि बकऱ्या पलीकडे नेणारी ती लोखंडी होडी पूल झाल्यापासून काठाला गंजत पडली होती. तुम्ही ती घेतलीत, घासलीत, रंगवलीत, वर पत्र्याची खोली चढवली, खोलीवर सोलरची पॅनेल आणि मागे विजेची मोटर बसवली. आणि मग आली ती लिथियमची बॅटरी. तिचे सेल खोक्यातून एकेक काढताना तुमचे हात मी पाहिलेत. बाळंतिणीच्या खोलीत पाहुण्यानं मूल उचलावं तसे उचलत होता. सेल जोडायला तांब्याच्या पट्ट्या हव्या होत्या, तर त्या तुम्ही थेट सोनगीरच्या तांबटाकडून कापून आणल्यात. त्यानं विचारलं म्हणे, "कसली मूर्ती बनवताय?" तुम्ही म्हणालात, "देवच शे, पन काळ्या डब्यात राहस."

मी तेव्हा काय केलं आठवतंय? डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन आलो. शुभारंभाला रिकाम्या हातानं कसं यायचं! घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायची सवय, म्हटलं हिलाही लागेल. तुम्ही हसला नाहीत. "बरं झालं आनलं," म्हणालात, आणि त्या पाण्यानं सोलरची पॅनेल पुसून काढलीत. लिथियमला पाणी घालायचंच नसतं हे मला नंतर कळलं, तुमच्याकडून नव्हे, मोबाईलवरून. ते न बोलणं मला अजून टोचतं. चांगल्या अर्थानं टोचतं.

मग आपले ते दिवस सुरू झाले. दोन-दोन, तीन-तीन दिवस फुगवट्यात मुक्काम. सकाळी उठून आधी बॅटरी किती भरलीय तो स्क्रीनवरचा आकडा बघायचा आणि मग तोंड धुवायचं. ढग आले की तुम्ही पंखा बंद करायचात आणि मी उकाड्यानं कुरकुरायचो. ऊन आलं की राजासारखं वागायचं: फ्रीज लाव, चहा ठेव, पाणी तापव. रोज काठोकाठ भरायची नाही, रोज तळ गाठायचा नाही, हे तुम्ही मला जेवणाच्या भाषेत शिकवलंत. "दोन घास कमी खायचे, आन उपाशी झोपायचं नही. मानूस टिकस तशी ही टिकस."

आणि तिचा तो रखवालदार! बॅटरीच्या डब्यात बसवलेली हिरवी पाटी, जी प्रत्येक सेलवर नजर ठेवते आणि काही कमीजास्त झालं की सगळी वीज तोडून टाकते. तिला तुम्ही नाव ठेवलंत सासूबाई. "जरा आवाज चढला का दार लावी लेस, मंग कितीबी हाका मारा." माझी आई समोर बसलेली असताना म्हणायचात. आई म्हणायची, "जावईबापू, सासू होती म्हणून घर टिकलं." तुम्ही म्हणायचात, "तेच तं मी सांगी राह्यनू!"

अक्का मात्र होडीत चढली नाही. कधीच नाही. "जिथं चूल नाही तिथं मी येऊन काय करू?" एवढंच तिचं म्हणणं. तुम्ही इंडक्शन दाखवलंत. ती म्हणाली, "यावर वांगं भाजून दाखवा." आता भरताचं वांगं कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात, हे खानदेशात कुणाला शिकवावं लागत नाही आणि होडीत जाळ तुम्ही लावू देणार नव्हता. तो वाद तिथंच अडकला. ती काठावर वांगी भाजायची, डब्यात भरीत द्यायची, वर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी बांधायची आणि पाठ फिरवून घरी जायची. तुम्ही होडीतून बघत राहायचात. तुम्हाला वाटायचं, तिला ह्या सगळ्यात काडीचा रस नाही. मलाही तेच वाटायचं, नाना. आपण दोघंही चुकलो. पण ते पुढे.

आधी माझं सांगतो. बॅटरी कुठं ठेवायची, यावरून आपण किती भांडलो! तुम्ही म्हणालात तळाशी. मी म्हणालो छताखाली. आमच्या काठच्या माणसानं वीज खाली ठेवली, असं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. पंपाचे स्टार्टर आम्ही खांबावर चढवतो, मोटरची पेटी चौथऱ्यावर ठेवतो, कारण पूर कधी येईल सांगता येत नाही. पाण्याच्या बाजूला वीज खाली ठेवायची म्हणजे आमच्या अंगावर काटा येतो. तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. "अरे भल्या माणसा, पूर उना तं होडी वर जाई ना! होडी कसाले बुडी?" मला ते पटलं नाही असं नाही. पटलं, पण भीती गेली नाही. मी आईची शपथ घातली, अक्काला मध्ये घातलं, शेवटी अबोला धरला. तुम्ही हरलात. मेहुण्याला दुखवायचं नाही म्हणून हरलात. बॅटरी पत्र्याच्या छताखाली, माझ्या मर्जीच्या फळीवर चढली.

मग मे महिना आला. आपल्याकडचा मे. भर दुपारी फुगवट्याच्या मध्यावर पंखा थांबला, मोटर थांबली, स्क्रीन काळी झाली. मी ओरडलो, "मेली! नाना, बॅटरी मेली!" तुम्ही वर हात लावलात आणि चटकन मागे घेतलात. पत्रा तव्यासारखा तापला होता. "मरेल नही शे ती," तुम्ही शांतपणे म्हणालात, "उन्हातून वाचाले झोपेल शे." डबा गार झाला की आपोआप उठेल, हे तुम्हाला ठाऊक होतं. पण सावली नाही, वारा नाही, आणि तेवढ्यात मासेमारीवाला रामदास त्याची डिझेलची होडी फटफटवत आला. "काय नाना, चार्जिंग सरलं काय? मोबाईलचं वायर देऊ काय तुमाले?" त्यानं दोर टाकला आणि आपल्याला ओढत आणलं. घाटावर माणसं जमली होती. तुम्ही त्यांच्याकडे बघून हात जोडलेत, जसं काही निवडणूक जिंकून आलात.

तुम्ही एका शब्दानं मला बोलला नाहीत. ती फळी कुणाची, हे सगळ्या गावाला सांगता आलं असतं. सांगितलं नाहीत. पावसाळाभर होडी बांधून राहिली. भाऊबीजेला मी ओवाळून घ्यायला आलो तेव्हा तुम्ही ताटावरून म्हणालात, "आते तं उतरवू ती. दोन मानसं लागतीन, तू आन मी." मी म्हणालो, "केळीची कापणी आटपू द्या." कापणी सुरू असतानाच तुमचा फोन यायचा थांबला. सकाळी चहा घेतलात, अंगणात उभे राहिलात, खाली बसलात आणि संपलात.

इन्व्हर्टरची जुनी बॅटरी मरताना आधी दिवे पिवळे करते, आपल्याला वेळ देते. लिथियमचं तसं नाही, शेवटपर्यंत तोच उजेड आणि मग एकदम काळोख. हे माझ्या मनात तुमच्या तिरडीजवळ उभं असताना आलं आणि माझा मलाच राग आला. असल्या वेळी कुणी बॅटरीचा विचार करतं का? पण नाना, मग वाटलं, तुम्ही केला असता.

आता जे सांगायला बसलो ते.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. सोनगीरचाच तांब्याचा लहान कलश होता, त्यात अस्थी. तुमचा प्रशांत पुण्याहून आला होता. त्यानं तापी-पूर्णेच्या संगमावर मोटारीनं जायचं ठरवलं. अक्का भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "ते होडीनं जातील."

प्रशांत माझ्याकडे बघायला लागला. "मामा, त्या होडीचा काही भरवसा आहे का?"

"तुला नसेल तर तू मोटारीनं जा," अक्का म्हणाली. "मी होडीनं जाणार."

नाना, ज्या बाईनं होडीत पाय ठेवला नाही ती आता तुमच्या अस्थी घेऊन बसणार, आणि होडी माझ्या हातात. मधे बंद पडली, रामदासनं पुन्हा दोर टाकला, घाटावर पुन्हा माणसं जमली, तर? एकदा माझ्यापायी तुमचं हसं झालं होतं. गेल्यावरही तुम्हाला ओढत न्यावं लागलं, तर मी अक्काला तोंड कसं दाखवणार होतो?

घरातल्या सगळ्यांना सुतक. हातात पाना घ्यायची कुणाला सोय नाही. मला सुतक नव्हतं, मी तिच्या माहेरचा. म्हणून मी एकट्यानंच ठरवलं. तुमच्या पेटीतला पाना घेतला आणि होडीवर गेलो. एकेक सेल सुटा केला, खाली उतरवला, सागाच्या रिपांवर मांडला, वरून पुन्हा तुमच्या तांब्याच्या पट्ट्या आवळल्या. पट्टी आवळताना तुम्ही शिकवल्याप्रमाणे पान्याला चिकटपट्टी गुंडाळली होती, ठिणगी उडू नये म्हणून. तळाच्या पत्र्याला हात लावून बघितला. बाहेर दुपार, वर पत्रा तापलेला, आणि तळाशी माठाच्या अंगासारखा गारवा. नदी स्वतः त्याला गार ठेवत होती. मी तिथंच, त्या पोटात, गुडघे दुमडून बसून राहिलो. एवढी साधी गोष्ट होती, नाना. एक हात लावून बघायला हवा होता.

आणि अजून एक गोष्ट, जी तुम्ही म्हणाला होतात आणि मी ऐकली नव्हती: होडी डुलायची थांबली! वजन खाली गेल्यावर ती पाण्यावर अशी बसली, जशी म्हैस बसते. मी एकट्यानं इकडून तिकडे उड्या मारून पाहिल्या. काठावरून रामदास बघत होता. "काय मामा, नाचून राह्यले काय?" मी म्हणालो, "हो, नाचतोय."

ठरल्या दिवशी सकाळी प्रशांत गुरुजींना घेऊन मोटारीनं पुढे गेला. अक्का आली. कलश मांडीवर धरून खोलीच्या दारात बसली. मी चावी फिरवली. आवाज न करता होडी सरकली. मला वाटलं ती घाबरेल. ती म्हणाली, "एवढंच? मले वाटलं गुरगुरत असंल."

अर्ध्या वाटेच्या पुढे, पूर्णेचं पाणी येऊन मिळतं त्याच्या अलीकडे, जलपर्णीचा मोठा पट्टा आडवा आला. मला वाटलं, कापत निघून जाऊ. होडी आत घुसली, मोटर कण्हली आणि थांबली. स्क्रीन काळी.

मी बटणं दाबत सुटलो. हे दाबलं, ते दाबलं. "अक्का, पुन्हा गेली ती! पुन्हा गेली!"

"काहून नाचतो?" अक्का म्हणाली. कलश तिनं पदरात गुंडाळून बाजूला ठेवला. "सासूबाई रुसल्या असतील. ओढ जास्त पडली ना. पहिले भार काढ. मोटरची मूठ शून्यावर आण, पंखा बंद कर, फ्रीज बंद कर."

तिनं सांगितलं तसं मी एकेक बंद केलं.

"चावी काढून माझ्याजवळ दे. चावी असताना पात्यात हात घालायचा नाही. आता मोटर वर उचल आणि गवत काढ. मग थोडं थांबायचं, मग बॅटरीचा तो लाल खटका बंद करून पुन्हा चालू करायचा."

"तुले कसं माहीत?"

"रोज जेवताना ते कोणाले सांगत व्हते? ताटाले?"

नाना! तिला सगळं येत होतं! तिनं सगळं ऐकलं होतं. तुम्ही घास हातात धरून सेलचं, उन्हाचं, रखवालदाराचं सांगायचात, ती भाकरी थापत "हं, हं" म्हणायची आणि तुम्हाला वाटायचं, भिंतीला सांगतोय. माझ्याकडे तुम्ही एकदा तक्रारही केली होती, "तुनी बहिणीले यातलं काय समजस, माहीत नही." तिला तुमच्यापेक्षा नसेल, पण माझ्यापेक्षा कितीतरी जास्त समजत होतं. मी विळ्यानं पात्याभोवतीची मुळं कापत होतो, हसत होतो आणि रडत होतो. ती वरून सांगत होती, "डावीकडचं राहिलं, ते ओढ."

मी विचारलं, "मग त्यांना का नाही सांगितलंस? एकदा तरी यायचं होडीत."

कलशावरचा पदर नीट करत ती म्हणाली, "मी येणार होते. वांगं भाजायचं कोडं ते सोडवतील म्हणून मी वाट पाहत होते. मला त्यांना हरलेलं बघायचं होतं, एकदाच. बॅटरीच्या वेळी तुझ्यापुढे हरले, माझ्यापुढे नाही." आणि मग, "हट्ट लई वाईट."

आम्ही दोघं भावंडं तुमच्याशी हट्ट करून बसलो होतो, नाना. एकाच्या हट्टानं तुमची होडी उन्हात थांबली आणि दुसरीच्या हट्टानं तुम्ही एकटे बसलात. आणि तुम्ही आम्हा दोघांवर रागावला नाहीत. हे मी तुमच्याकडे मन मोकळं करावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही माफ केलंच असणार, त्याचा मला त्रासच होतो. मी हे लिहितोय कारण त्या गवतात बसून आम्ही दोघं, कितीतरी वर्षांनी, एकमेकांकडे बघून हसलो. तुमच्यामुळे. तुमच्या त्या रुसव्या सासूबाईंमुळे.

लाल खटका चालू केला. स्क्रीन उजळली. मी ओरडलो. अक्का म्हणाली, "ओरडू नको, अस्थी आहेत जवळ," आणि पदरानं तोंड दाबून स्वतःच हसली.

संगमाच्या घाटावर प्रशांत होडीत चढला. गुरुजी पायरीवर उभे राहून मंत्र म्हणत होते. दोन्ही नद्या मिळतात तिथं मी होडी नेली. तापीचं पाणी आणि पूर्णेचं पाणी थोडा वेळ वेगळं दिसतं, मग दिसत नाही. प्रशांतनं कलश पालथा केला. झेंडूची फुलं टाकली. ती फुलं गोळा होऊन एका बाजूला सरकू लागली.

"बटण बंद कर," अक्का म्हणाली.

मी केलं. होडीला कसलीही ओढ उरली नाही. आम्ही आणि फुलं एकाच वेगानं चाललो होतो. प्रशांतनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. फुलं कधी होडीच्या अंगाला लागायची, कधी हातभर लांब व्हायची. अक्का काठाला वाकून त्यांच्याकडे बघत होती. तिनं हात पुढे केला नाही. मग वारा आला, आमचं तोंड फिरलं आणि फुलं आमच्याशिवाय पुढे गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत अक्का तशीच वाकलेली राहिली.

मग सरळ बसली, पदर सावरला.

"थोडं पुढं घे," म्हणाली, "पूर्णेत. ते मले तिकडं नेणार व्हते."

प्रशांतनं घाटाकडे हात करून गुरुजींना थांबायला सांगितलं. मी मूठ फिरवली. काही आवाज झाला नाही, नाना. तुमची होडी चालू लागली होती.